आखाजी उनी

बिबडे एकटीने होत नाहीत. हे मला 2020च्या एप्रिलमध्ये कळलं, कारण त्याआधी ते एकटीने करायची वेळच कधी आली नव्हती.

एरंडोलमध्ये होळी झाली की गच्च्या जाग्या होतात. आज एकीकडे उडदाचे पापड, उद्या दुसरीकडे कुरडया, परवा आमच्याकडे बिबडे. ज्वारी कांडायची, भिजत घालायची, दळून आणायची. भल्या पहाटे चूल पेटवून मिरची, लसूण, जिरं, तीळ, मीठ घातलेल्या आधणात ते पीठ वैरायचं आणि लाकडी दांड्याने घोटायचं. घोटायला दोघी लागतात. एकीने पातेलं दोन फडक्यांनी घट्ट धरायचं, दुसरीने सगळं अंग दांड्यावर टाकायचं. तोवर गच्चीवर बाकीच्यांनी जुनी धोतरं ओली करून अंथरलेली असतात. वाफ निघत असतानाच गोळा वर न्यायचा, हाताला पाणी लावायचं आणि थापत सुटायचं. ऊन चढायच्या आत पातेलं रिकामं झालं पाहिजे. थंड झालेला गोळा थापता थापता चिरतो. म्हणून आठ-दहा हात लागतात, आणि ते दर वर्षी न बोलावता येतात.

त्या वर्षी ज्वारी भिजवून झाली होती, गिरणी सकाळी दोन तास उघडत होती, तीळ डब्यात होते. कोरोनाच्या टाळेबंदीत हात मात्र नव्हते. शेजारच्या मावशी आपल्या गच्चीवर उभ्या, मी माझ्या गच्चीवर. मधे कमरेएवढी भिंत. मावशींचा हात नेहमीच्या सवयीने भिंतीवरून पुढे यायचा आणि तिथेच थांबायचा. मी आणि सासूबाईंनी मिळून जेवढं झालं तेवढं केलं. अर्धा गोळा थंड झाला. तो वाया गेला नाही. कच्चं तेल आणि शेंगदाणे घेऊन आम्ही तो दोन दिवस खाल्ला. ओल्या बिबड्याला जी चव असते ती तळलेल्याला नाही, असं माझं मत आहे. पण त्या दोन दिवसांत तो घास घशाखाली उतरताना जड वाटायचा.

तेव्हा घरात माणसं कमी होती असं मुळीच नाही. उलट इतकी माणसं इतका वेळ घरात मी लग्न होऊन आल्यापासून पाहिली नव्हती. 22 मार्चच्या रविवारी संध्याकाळी पाचला सगळ्या गल्लीने थाळ्या वाजवल्या. बुधवारी, 25 मार्चला, गुढीपाडवा होता आणि त्याच दिवसापासून एकवीस दिवस घराबाहेर पडायचं नव्हतं. साखरेच्या गाठीशिवाय गुढी उभी राहिली. मधल्या खोलीत छतापर्यंत कापूस होता. सरकारी खरेदी थांबलेली, लांब धाग्याचा हमीभाव 5,550 रुपये क्विंटल आणि दारात येणारा व्यापारी त्याच्या आसपाससुद्धा बोलायला तयार नाही. ह्यांनी ठरवलं, ठेवायचा. एप्रिल तापला तशी त्या कापसातून बारीक पिसवांसारखे किडे निघू लागले आणि आम्हा सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली. अंगावर लाल पुरळ आलं की पोटात धस्स व्हायचं; मग कोणीतरी म्हणायचं, कापसाचं आहे, आणि त्या खाजेचाही आधार वाटायचा. कापसासाठी आम्ही खोली सोडली आणि सगळेच ओसरीत झोपू लागलो.

त्यात माझा पुतण्याही होता. दहावीसाठी आमच्याकडे राहिलेला. त्याचा एकच पेपर उरला होता, भूगोलाचा, 23 मार्चला. तो पुढे ढकलला गेला. मग रोज सकाळी पोरगं अंघोळ करून नकाशावही घेऊन बसायचं, कारण पेपर कधीही लागेल. 12 एप्रिलला तो पेपर रद्दच झाल्याचं जाहीर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळीही तो अंघोळ करून वही घेऊन बसला. मी काही बोलले नाही. वर्षभराची तयारी अशी एका बातमीने अंगातून उतरत नाही.

संध्याकाळी सातला दूरदर्शनवर महाभारत लागायचं, बी. आर. चोप्रांचं, तीस वर्षांपूर्वीचं. सकाळ-रात्र रामायण. मी लहानपणी हे रविवारी शेजारच्यांच्या घरी दाराशी बसून पाहिलं होतं. पण आमच्या घरात खरं महाभारत टीव्ही बंद झाल्यावर सुरू व्हायचं, कारण एरंडोलची माणसं त्या कथेत आपल्याला पाहुणे समजत नाहीत. हे गाव म्हणजेच एकचक्रनगरी, असं आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात. पांडववाडा नावाची जुनी वास्तू गावात आहे. बकासुराला भीमाने मारलं ते पद्मालयाकडच्या रानात, हेही प्रत्येकाला पाठ. सासूबाई ते अशा सांगायच्या की जणू अंजनी नदीच्या काठची कालची गोष्ट.

त्या वर्षी मात्र त्यांनी गाडाभर भात आणि रेडे यांचा भाग भरभर उरकला आणि कुंतीपाशी येऊन थांबल्या. लाक्षागृहातून जीव वाचवून ती मायलेकरं इथे एका गरीब ब्राह्मणाच्या घरात लपून राहिली. ओळख सांगायची नाही. दिवसा पोरांनी भिक्षा मागून आणायची आणि रात्री कुंतीने ती वाटायची. अर्धी एकट्या भीमाला, उरलेल्या अर्ध्यात चार भाऊ आणि ती स्वतः. "रोज वाटत असेल ना ती," सासूबाई म्हणाल्या, "रोज ताटं मांडताना मनात मोजत असेल." त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी परातीत कळण्याचं पीठ मळत होते आणि माझ्या मनात तेच चाललं होतं. ज्वारी किती, उडीद किती, तेलाचा डबा किती खाली गेला. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या बाईबद्दल मला इतकं जवळचं कधी वाटलं नव्हतं.

मग त्यांनी ट्रंकेतून सारीपाटाचा कापडी पट काढला. सोंगट्या केव्हाच हरवल्या होत्या. चिंचोके, तुरीचे दाणे, तुटलेल्या बांगडीचे तुकडे आणि हरभरे अशा चार रंगांच्या सोंगट्या झाल्या. कवड्या मात्र जुन्याच, हाताळून गुळगुळीत झालेल्या. दुपारी बाहेर पारा 42-43च्या पुढे, आत पंखा गरम हवा फिरवतोय आणि ओसरीत कवड्यांचा आवाज. ह्यांना मी लग्नानंतर पहिल्यांदाच आपल्या आईशी भांडताना पाहिलं, एका चिंचोक्यावरून. त्या दुपारी मला आवडल्या होत्या हे मी लपवणार नाही. बाहेर माणसं कशातून जात होती हे माहीत असूनही आवडल्या होत्या.

पण दिवस एप्रिलच्या शेवटाकडे सरकायला लागले तशा सासूबाई गप्प होऊ लागल्या. 26 तारखेला आखाजी होती.

बाहेरच्या माणसाला अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं आणि मुहूर्त. खान्देशात तसं नाही. सालदाराचं साल इथे आखाजीला संपतं आणि नवं सुरू होतं. पितरांची घागर आखाजीला भरते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, सासरी गेलेली लेक आखाजीला माहेरी येते. तिला आणायला मुराळी जातो. कडुनिंबाला झोके बांधले जातात, पोरीबाळी गौराई मांडतात, गाणी म्हणतात. दिवाळीला एखादी लेक आली नाही तर चालवून घेतात. आखाजीला आली नाही तर गल्ली विचारते, काय झालं?

माझी नणंद सुरतेला, उधन्याला असते. ताईंचे यजमान तिथे मागावर आहेत. आमच्या भागातली किती घरं सुरतेला गेली त्याची मोजदाद नाही. तिथल्या काही वस्त्यांमध्ये आपली अहिराणी सर्रास ऐकू येते. ताई दर वर्षी आखाजीच्या दोन दिवस आधी गाडीने धरणगावला उतरायच्या आणि हे त्यांना घ्यायला जायचे. गाड्या मार्चमध्येच बंद झाल्या. पहिले एकवीस दिवस संपले तेव्हा मुदत 3 मेपर्यंत वाढली. ती बातमी ऐकून सासूबाईंनी हाताच्या बोटांवर काहीतरी मोजलं आणि पदर डोक्यावर घेतला. त्या एवढंच म्हणाल्या, "आखाजी उनी, पन आंडेर नही उनी." आखाजी आली, पण लेक नाही आली. आखाजीला अजून बारा दिवस होते.

त्या वर्षी खापराच्या पोळ्या मी केल्या. ते काम ताईंचं. खापरावर पोळी टाकायला ताईंसारखा हात गल्लीत दुसरा नाही आणि सासूबाईंचा उजवा खांदा दोन वर्षांपासून वर जात नव्हता. म्हणून त्या चुलीपाशी पाटावर बसल्या आणि मी उभी राहिले. पीठ वस्त्रगाळ केलेलं, पाणी लावून लावून इतकं मऊ तिंबलेलं की उचललं की ओघळतं. दोन लहान पाऱ्या, मधे पुरण, कडा दाबून आधी पोळपाटावर लाटायची. मग ती दोन्ही हातांवर घ्यायची. तळहातावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत, हात गोल फिरवत फिरवत. पोळी आपल्याच वजनाने पसरत जाते. ती कुठे पातळ होते आहे हे डोळ्यांना दिसायच्या आधी हाताच्या कातडीला कळतं. पुरणाची ऊब कोपराशी आली की थांबायचं आणि एका झोक्यात ती पालथ्या खापरावर सोडायची. सोडताना हात मागे ओढला की फाटली. "दी टाक," सासूबाई म्हणायच्या. देऊन टाक. पहिल्या तीन फाटल्या. चौथी खापरभर बसली, फुगली, तिच्यावर खसखशीएवढे ठिपके उमटले. पुतण्या चुलीत काटक्या सारत होता, तोही थांबून बघत राहिला. सासूबाईंनी ती चौघडी करून बाजूला ठेवली. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

घागर मिळणं अवघड झालं होतं. बाजार भरत नव्हता. आखाजीच्या आदल्या पहाटे कुंभाराने हातगाडीवर झाकून घागरी आणल्या, प्रत्येक दारापुढे एक ठेवली आणि लांब उभा राहिला. आम्ही पैसे पायरीवर ठेवले. एवढ्या वर्षांत त्याला चहा दिल्यावाचून कधी पाठवलं नव्हतं. सकाळी घागर भरली, वर खरबूज ठेवलं, सांजोऱ्या आणि आमरसाचा नैवेद्य दाखवला, निखाऱ्यावर आगारी टाकली. ह्यांनी वडिलांचं नाव घेतलं, आजोबांचं घेतलं. अमळनेरला रुग्ण सापडल्याच्या बातम्या तेव्हा रोज येत होत्या, आणि त्या दिवशी नाव घेताना ह्यांचा आवाज दर वर्षीपेक्षा हळू होता.

झोका मात्र बांधला होता. अंगणातल्या निंबाला, नेहमीचा नाडा, नेहमीची फळी. दिवसभर त्यावर कोणी बसलं नाही. ताईंचा फोन दुपारी आला. पडद्यावर त्यांचं उधन्यातलं स्वयंपाकघर, त्यांनी तव्यावरच पोळ्या केल्या होत्या. माग बंद, पगार नाही, तरी रस केला होता. बोलणं झालं, फोन ठेवला. सूर्य कलल्यावर मी दिवा लावायला बाहेर आले तर सासूबाई झोक्यावर बसलेल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, पाय जमिनीला टेकवून, डोक्यावरचा पदर खाली आलेला. त्यांचं माहेर चाळीसगावकडचं. आई, वडील, भाऊ, कोणीच आता नाही. त्या गुणगुणत होत्या. मी मागे जाऊन उभी राहिले आणि हलकेच झोका दिला. त्यांनी वळून पाहिलं नाही. पाय वर घेतले.

(ताई पुढच्या वर्षीही येऊ शकल्या नाहीत. 2021ची आखाजी 14 मेला होती, दुसऱ्या लाटेत. त्या आल्या 2022ला.)

मे महिना लागला आणि महामार्गावर माणसं दिसू लागली. गावाजवळून जाणारा हा रस्ता आधी 6 क्रमांकाचा होता, आता 53. सुरतेकडून निघून धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव करत नागपूर, रायपूर आणि तिथून पार ओडिशातल्या पारादीपला जातो. आम्हाला तो जळगावला जायचा रस्ता म्हणून माहीत. त्या महिन्यात कळलं की तो कुठून कुठे जातो. सायकलींवर, पायी, बोचकी घेऊन पोरं जात होती. काम बंद, भाडं थकलेलं. गावातली माणसं रस्त्याच्या कडेला पाण्याचे रांजण ठेवत होती, खिचडी वाटत होती. सासूबाईंनी डबा काढला. एप्रिलमधल्या दुसऱ्या अर्ध्या गोळ्याचे ते बिबडे, जेवढे वाळले तेवढे. ताईंसाठी बाजूला ठेवलेले.

आम्ही ते तळले, भाकरी केल्या, मिरचीचा ठेचा बांधला आणि शेताकडच्या वळणावर निंबाखाली घेऊन गेलो. सात जण होते. सगळ्यात लहान माझ्या पुतण्याएवढा. त्यांची भाषा आम्हाला कळत नव्हती, आमची त्यांना. मोडक्या हिंदीत गावाचं नाव सांगितलं, गंजाम. पुतण्या धावत घरी गेला आणि नकाशावही घेऊन आला. ओडिशाच्या किनाऱ्यावर त्याचं बोट थांबलं. सुरतेपासून दीड हजार किलोमीटरांहून जास्त. त्या लहान पोराने वही हातात घेतली, आपलं गाव पाहिलं, मग मागे बोट फिरवत फिरवत सुरतेपर्यंत आणलं आणि परत पुढे नेलं.

सासूबाई लांब दगडावर बसल्या होत्या. एवढा वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारलं, "सुरतमा कोठे ऱ्हातस?" मी हिंदीत सांगितलं. एकाने उत्तर दिलं, "उधना." सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "मनी आंडेर बी उधनालेच ऱ्हास," त्या म्हणाल्या. माझी लेकसुद्धा उधन्यालाच राहते. त्यांनी हे दोनदा सांगितलं. त्याला ते कळलं की नाही कोण जाणे, त्याने बिबड्याचा तुकडा तोंडात टाकत मान हलवली.

त्या रात्री ताईंना फोन लावला तेव्हा सासूबाईंनी ना तब्येत विचारली ना रेशन. "तुना गावना पोरे उनथात," त्या म्हणाल्या. तुझ्या गावची पोरं आली होती. ताईंना काही समजेना. "कोण पोरे, माय?"

"सात होते," सासूबाई म्हणाल्या. "जेवीसन गयात."