आमच्या घरातल्या तलवारी

'स्टार वॉर्स' हे नाव काढलं की आपल्या मंडळातल्या निम्म्या लोकांचे डोळे चमकतात आणि उरलेले निम्मे बटाटेवड्याच्या रांगेकडे वळतात. हा लेख दोघांसाठी आहे. रांगेतल्या मंडळींना एवढी माहिती पुरे की १९७७ साली सुरू झालेली ही चित्रपटमालिका आहे, तीत जेडाय नावाचे योद्धे-संन्यासी असतात आणि त्यांच्या हातात प्रकाशाचं पातं असलेली तलवार असते, तिचं नाव लाइटसेबर. घरात मुलगा असेल तर तुमच्याही गराजमध्ये एखादी सापडेल. बॅटरी अर्थातच संपलेली.

या तलवारीने लढायच्या सात शैली आहेत आणि त्यातली आपली कोणती, हा आमच्या घरातला जुना वाद. गंमत अशी की चित्रपटांत या शैलींची नावं कोणी घेत नाही. निक गिलार्ड या स्टंट दिग्दर्शकाने १९९९ आणि २००२ च्या चित्रपटांतली द्वंद्वं बसवली. मग २००२ साली 'स्टार वॉर्स इन्सायडर' या नियतकालिकात डेव्हिड वेस्ट यांनी लेख लिहून त्यांची सात प्रकारांत वर्गवारी केली. पुढे कादंबऱ्या आणि व्हिडिओ गेम यांनी तिच्यात भर घातली. म्हणजे आधी लोक लढले, मग कोणी तरी म्हणालं, "अरे, हा असा लढतो होय!" २०१४ साली लुकासफिल्मने जुन्या कादंबऱ्या आणि गेम 'लेजेंड्स', म्हणजे दंतकथा, म्हणून बाजूला काढले. पण आमच्या घरात तो जीआर लागू झालेला नाही.

माझी या शैलींशी ओळख झाली एमएस करताना. २००४ च्या शेवटी 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक'चा दुसरा भाग आला होता आणि रूममेटकडे एक्सबॉक्स होता. त्या खेळात प्रसंग पाहून शैली बदलता येते. आम्ही चार देसी पोरं, थीसिस सोडून, समोर एक शत्रू असेल तर कोणती आणि दहा असतील तर कोणती यावर रात्र-रात्र काथ्याकूट करायचो. खऱ्या तालमीत हे लाड नसतात. कोल्हापूरला मर्दानी खेळ शिकायला गेलात तर हातात काय द्यायचं ते वस्ताद ठरवतात. मुळात निवडायची चैन असते ती गोष्टीतल्या तलवारीच्याच बाबतीत.

तर निवडायचं कसं? बहुतेक लोक इथेच फसतात, कारण ते आवडता नायक निवडतात. ज्याला त्याला मेस विंडू व्हायचं असतं. त्याची 'वापाड' ही सातव्या शैलीतून निघालेली, मॅथ्यू स्टोव्हरच्या २००३ च्या 'शॅटरपॉइंट' कादंबरीत आलेली. ती वापरणाऱ्याला लढण्यात मजा वाटावी लागते आणि स्वतःच्या रागाच्या अगदी कडेवर उभं राहावं लागतं. विंडूची स्वतःची शिष्या, डेपा बिलाबा, त्या कडेवरून पडते. प्रत्येक प्रोजेक्टवर असा एक जण असतो. प्रॉडक्शन सर्व्हर पडला की ज्याचा चेहरा खुलतो तो! त्याच्या शेजारी जरूर बसा, नक्कल मात्र करू नका.

दुसरी शैली 'मकाशी'. काउंट डूकूची, म्हणजे ख्रिस्तोफर लीची. एका हाताने, मनगटाच्या जोरावर, समोरचा कितीही चिडला तरी आपली इस्त्री न मोडता लढायचं. आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत घटनेतलं कलम काढून बोलणारे एक काका आहेत, ते शुद्ध मकाशी. समोर एकच जण असेल तर हे लोक अजिंक्य. पण जोरदार घाव घालणारा कोणी आला की ती नजाकत तोकडी पडते. डूकूचंही तेच झालं.

स्वभाव ओळखायचा असेल तर माझ्या मते वेस्टसाहेबांच्याच वाटेने जावं, आधी झालेल्या लढाया पाहाव्यात. मागच्या वेळी कोपऱ्यात सापडलात तेव्हा हात आपोआप कुठे गेला? तीच तुमची शैली. मग पोस्टर कोणाचंही लावा.

माझा हात गेला तो 'सोरेसू'कडे. ही तिसरी शैली, ओबी-वान केनोबीची. बंदुकीचे मारे परतवता परतवता घडलेली. हालचाली छोट्या, पातं अंगाजवळ, विनाकारण एक इंच पुढे जायचं नाही. समोरचा दमेपर्यंत तग धरायचा. माझं अमेरिकेतलं आयुष्य तुम्ही पाहिलंत तर वेगळी परीक्षा घ्यायची गरज नाही. २००८-०९ च्या मंदीत आमच्या मजल्यावर खुर्च्या रिकाम्या होत होत्या, तेव्हा मी कोणालाच नको असलेल्या जुन्या सिस्टीमचं काम मागून घेतलं आणि तिथे टिकलो. ग्रीन कार्डच्या रांगेत इतकी वर्षं उभं राहणं हा सोरेसूचाच रियाझ. रोलबॅक प्लॅन लिहिल्याशिवाय मी दूधसुद्धा उतू जाऊ देत नाही, असं सौ. म्हणते.

पण ओबी-वान जन्माने सोरेसूवाला नव्हता, आणि मला या सगळ्या प्रकरणात खरा रस आहे तो इथे. त्याचा गुरू क्वाय-गॉन चौथ्या शैलीचा, 'अटारू'चा. अटारू म्हणजे उड्या, गिरक्या, सगळा जोर पहिल्या काही मिनिटांत. तिच्यात दम लवकर जातो आणि जागा मोकळी लागते. १९९९ च्या 'फँटम मेनेस'मध्ये शेवटी क्वाय-गॉन एका आवळ जागेत सापडतो आणि शिष्य लाल किरणांच्या झडपेमागे अडकून, दोन पावलांवरून, त्याला पडताना पाहतो. त्यानंतर ओबी-वानने अटारू सोडून सोरेसूचा अभ्यास धरला, असं पुढच्या लिखाणात येतं.

हा चित्रपट मी पुण्यात इंजिनिअरिंगला असताना होस्टेलच्या पोरांबरोबर पाहिला. झडपेमागचा तो मुलगा पाहताना पोटात तुटलं. आमचे अण्णा, म्हणजे वडील, साताऱ्याला छापखाना चालवत. खिळे, जुळारी, ट्रेडल मशीन, शाईचा आणि रॉकेलचा वास. लग्नसराईत रात्री दोनपर्यंत पत्रिका. १९९४ साली त्यांनी बँकेचं कर्ज काढून सेकंडहँड ऑफसेट मशीन घेतलं. त्याच जोडीला कॉम्प्युटर, त्याच जोडीला दिवाळी अंक. सगळं एकदम! मशीन खोलीत मावेना म्हणून मागची भिंत पाडली. चार वर्षांनी छापखाना बंद झाला. खिळे किलोवर विकले गेले तेव्हा मी बारावीला होतो आणि तराजू धरणाऱ्या माणसाच्या बाजूला उभा होतो. अण्णांनी कधी कोणाला दोष दिला नाही. मी मात्र त्या दिवसापासून पातं अंगाजवळ धरतो.

हे सगळं आता का आठवलं, तर आमचे चिरंजीव. वय १७. यंदा स्टेट युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळालाय, घरापासून तासाभरावर, फी परवडणारी. आणि दुसरं एक कॉलेज आहे, दूर पश्चिमेला, गेम डिझाइनचं. त्यासाठी कर्ज काढावं लागेल. चिरंजीव 'जेम सो'वाले. ही पाचव्या शैलीची शाखा, अॅनाकिनची. समोरच्याचा वार आला की नुसता अडवायचा नाही, त्याचाच जोर वापरून दुप्पट परत करायचा. मी एक्सेल शीट दाखवली तर त्याने त्याच शीटमध्ये फॉर्म्युला घालून दाखवलं की चार वर्षांनी मी धरलेले पगाराचे आकडे बरोबरच असतील याची खात्री काय.

मग नेहमीप्रमाणे गाडी तलवारींवर आली.

"बाबा, सोरेसूने जिंकता येत नाही. फक्त हरणं टाळता येतं."

मी म्हटलं, "मुस्ताफारवर कोण जिंकलं?" २००५ च्या चित्रपटात लाव्हाच्या काठावर ओबी-वान अॅनाकिनला थोपवत राहतो, वरची जागा पकडतो आणि अॅनाकिनने उडी घेतली की एका फटक्यात लढाई संपवतो. सोरेसूवाल्यांचा हा हुकमी पत्ता.

तो म्हणाला, "जिंकला? बाबा, तो रडत होता. त्याचा भाऊ गेला."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. सौ. कणीक मळत होती. तिची शैली आम्ही दोघांनी 'निमान' ठरवली आहे, सहावी, सगळ्यातलं थोडं-थोडं घेणारी, वाटाघाटी करणाऱ्यांची. जिओनोसिसच्या रिंगणात जे जेडाय मारले गेले त्यांच्यात निमानवालेच जास्त, असं जाणकार सांगतात. हे मी तिला एकदा सांगितलं होतं. "दोघांच्या मधे उभं राहणाऱ्याचं तेच होतं," असं म्हणून तिने पोळपाट पुढे ओढलं होतं. या वेळी तिने फक्त फोन लावला, साताऱ्याला.

तिकडे सकाळ होती. अण्णा चहा घेत होते. नातवाने आपल्या अमेरिकन मराठीत त्यांना सातही शैली समजावल्या, कॉलेजचं सांगायच्या आधी. वीस मिनिटं! अण्णांनी मधे एकदाही टोकलं नाही. मला खात्री होती की ते अटारू म्हणणार.

"त्यातली पहिली कुठली रे?"

"शी-चो, आजोबा. पण ती बेसिक आहे. लहान मुलांना शिकवतात. वार कसा करायचा, कसा अडवायचा, बस."

"मग माझी ती. आमच्याकडे पोरगा कामाला आला की सहा महिने नुसती खिळ्यांची केस लावायचा. कुठल्या घरात कुठलं अक्षर. ते ज्याला आलं तो मशीन कुठलंही आलं तरी उपाशी मेला नाही. आपले दोन्ही जुळारी पुढे कॉम्प्युटरवर बसले ना."

मी अजूनही त्यांना अटारूच म्हणेन. भिंत पाडणारा माणूस शी-चो असूच शकत नाही. पण ते दोन जुळारी मला आठवले. खिळे विकले त्या दिवशी तेही तिथे होते.

मग अण्णांनी विचारलं, "तुझ्या त्या खेळांच्या कॉलेजात पहिल्या वर्षी काय शिकवतात?"

"ड्रॉइंग. कागदावर, हाताने. आणि गोष्ट लिहायला. कॉम्प्युटर नंतर."

"आणि दुसऱ्या ठिकाणी?"

चिरंजीव थोडे घुटमळले. "प्रोग्रामिंगच्या बेसिक्स. तेही चांगलंय तसं."

"मग दोन्हीकडची पहिल्या वर्षाची वह्या-पुस्तकं मागवून बघ. तुझ्या बापाला पण दाखव."

डिपॉझिट भरायची मुदत १ मेपर्यंत आहे. हे लिहितोय तेव्हा एप्रिलचा दुसरा आठवडा चालू आहे. दोन्ही कॉलेजांचे पहिल्या वर्षाचे अभ्यासक्रम छापून डायनिंग टेबलवर पडलेत, त्यावर चिरंजीवांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. काल रात्री मी एक्सेल शीटमध्ये कर्जाचा नवा कॉलम घातला आणि बँकेचा व्याजदर शोधायला बसलो. सौ. म्हणाली, दिवा बंद करून झोपा आता, आकडे सकाळीही तेच राहतील.