वहीतली वाकडी ओळ

“वहीतल्या ओळी मधेच वाकतात,” साक्रीकडची ती १४ वर्षांची मुलगी म्हणाली. घरी सगळ्यांना वाटत होतं, पोरगी अभ्यास टाळते.

मी डोळ्याच्या पडद्याचा डॉक्टर. दवाखाना जळगावात, आठवड्यातून एक दिवस पारोळ्यावरून धुळ्याला जातो. ही मुलगी धुळ्यात आली. बाहुली मोठी करून पाहिलं. उजव्या डोळ्यात पडद्याच्या ऐन मध्यावर जुना डाग, काळ्याभोर कडांचा. तो डोळा जन्मापासूनच अधू. डाव्यातला डाग मध्यापासून जरा बाजूला, म्हणून याच डोळ्यावर तिची शाळा चाललेली. आणि आता त्याच डागाच्या कडेला करडा उंचवटा, शेजारी रक्ताची बारीक रेघ. ओसीटी या पडद्याच्या स्कॅनमध्ये पडद्याखाली पाणी दिसलं.

हे डाग टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचे. मांजराच्या विष्ठेतून तो मातीत येतो, अर्धकच्च्या मटणातूनही पोटात जातो. गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर वारेतून बाळापर्यंत पोचू शकतो. आईला बहुधा काही जाणवतसुद्धा नाही. डागाजवळ पडद्याखालचा थर विरलेला असतो. पुढे कधीतरी त्या फटीतून नव्या रक्तवाहिन्या वर येतात, कच्च्या आणि पाझरणाऱ्या. डाग पुन्हा पेटला असेल तर आधी परजीवीवरची औषधं लागतात. इथे तो थंड होता, फक्त पाझर होता. त्यासाठी डाव्या डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, असं मी सांगितलं.

“डोयामा सुई?” आई दचकली. मग हळूच म्हणाली, “मन्हं काय चुकनं?”

सुरुवातीच्या वर्षांत मी या प्रश्नावर लगेच माती, मांजर, मटण सांगायला लागायचो. एकदा एक आई ऐकता ऐकता खालीच बसली. तेव्हापासून पहिलं वाक्य ठरलेलं आहे: “ताई, तुमचं काही चुकलं नाही.” शेतात निंदणी करणाऱ्या बाईने मातीला हात न लावता नऊ महिने कसे काढायचे? हे वाक्य मी उपचाराचाच भाग मानतो.

औषध बेव्हासिझुमॅब. २००४ मध्ये अमेरिकेत ते मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झालं, पुढच्याच वर्षी डोळ्यात वापरलं जाऊ लागलं. या कुपीवर डोळ्याच्या वापराची मंजुरी छापलेली नसते. ते घरच्यांना सांगतो, मगच सही घेतो.

बधिर करणारे थेंब, मग ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन. ते टाकल्यावर थांबायचं. बाहेर पन्नास पेशंट असले तरी थांबायचं, कारण जंतू या थांबण्यानेच मरतात. पापण्यांना चिमटा लावला. बुबुळाच्या कडेपासून ४ मिलिमीटर मोजून खूण केली. पुढे सरकलं तर नैसर्गिक भिंगाला धक्का, मागे सरकलं तर पडद्याला. सुईला वाट आहे ती या चिंचोळ्या पट्टीतूनच. ३० गेजची सुई, औषध ०.०५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब. सुई काढून कापसाच्या काडीने दाबलं आणि विचारलं, “बोटं किती?”

“दोन.”

आतला रक्तपुरवठा चालू आहे, एवढं त्यातून मला कळतं.

आईला बजावलं: डोळा दुखला, लाल झाला, धूसर झाला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, रात्रीसुद्धा निघा.

चार आठवड्यांनी पाणी कमी झालेलं होतं. दुसरं इंजेक्शन दिलं. त्यानंतरच्या खेपेला तिने दप्तरातून वही काढली, उजवा डोळा झाकला आणि ओळीवरून बोट फिरवलं. “आते सरळ दिसस.” मधलं एक अक्षर अजून पुसट होतं, ते तसंच राहील. उजव्या डोळ्यात मला काही करता आलं नाही. वाहिन्या पुन्हा येऊ शकतात, म्हणून तिची तपासणी चालूच आहे.

तुमच्या घरात असा जुना डाग असलेलं मूल असेल, तर आठवड्यातून एकदा त्याला एकेक डोळा झाकून खिडकीचे गज पाहायला सांगा. गज वाकडे दिसले तर दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीने पडद्याच्या डॉक्टरकडे या.