होडीची गळती

तुम्ही हसाल, पण बंगळुरूतल्या आमच्या पार्किंगमध्ये गाडीच्या जागी एक जुनी शिडाची होडी उभी आहे. गाडी बिचारी रस्त्यावर. "समुद्र कुठे आणि तुम्ही कुठे!" असं नाशिकहून आई फोनवर नेहमी म्हणते. पण या शहराला शिडाचं वावडं नाही. इथे उलसूर तलावाकाठी लष्करी इंजिनिअरांचं जुनं केंद्र आहे, आणि 1985 ते 1987 मध्ये 'तृष्णा' नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करून आले ते इंजिनिअर दलाचेच अधिकारी.

आमची उडी मात्र मैसूरजवळच्या कृष्णराजसागरापर्यंतच. होडी एंटरप्राइज जातीची, 13 फुटांची, निळ्या शिडांची, दोघांपुरती. सेकंडहँड घेतलेली.

गेल्या डिसेंबरात वाऱ्याच्या झोताने ती कलंडली. आत नवरा आणि आमची 14 वर्षांची लेक. कलंडणं नवीन नाही. होडी सरळ करायची, पाणी उपसायचं, पुढे निघायचं. या वेळी मात्र सरळ केली तरी डावी बाजू पाण्याखालीच, आणि पुन्हा उलटी. दोघं लाइफ जॅकेटच्या भरवशावर, होडीला धरून बचाव बोटीची वाट बघत राहिले. मी काठावर होते. ती वीस मिनिटं कशी गेली ते सांगत नाही.

बाहेर काढून डाव्या हवाबंद कप्प्याचं झाकण उघडलं, तर आतून बदाबदा पाणी. या कप्प्यांतल्या हवेवरच तर भरलेली होडी तरंगायची!

पाणी शिरलं कुठून? डेकवर दोर अडकवायचे क्लीट, पुल्या, कड्या सगळं बोल्टने बसवलेलं असतं, आणि प्रत्येक बोल्टला एक भोक. तिथे थोडी गळती आहे हे मला ठाऊक होतं, कारण तिचा बंदोबस्त मीच केला होता. स्वयंपाकघरातलं सिंक बसवून उरलेली सिलिकॉनची ट्यूब घेतली आणि क्लीटच्या कडेने छान रेघ ओढली, केकवरच्या आयसिंगसारखी. कौतुकही करून घेतलं होतं.

वरून लिंपलेलं टिकत नाही. दोराचा ताण आला की क्लीट किंचित हलतं आणि ती रेघ सुटते. शिवाय सिलिकॉनचा चिकट थर मागे राहिला, तर त्यावर दुसरं काही नीट धरत नाही. तो खरवडण्यात माझे दोन रविवार गेले. माझीच करणी, तक्रार कुणाकडे करणार?

मग एकेक फिटिंग पूर्ण काढलं. भोकाची वरची कड जरा तिरकी घासली, म्हणजे तिथे सीलंटचं कडं तयार होतं. बोटींसाठीचं पॉलिसल्फाइड सीलंट सढळ हाताने लावून बोल्ट आधी हलकेच आवळले; एकदम करकचून आवळलं तर सगळं सीलंट बाहेर येतं. ते सुकल्यावर शेवटचे आटे द्यायचे, पण खालून फक्त नट फिरवायचा. वरून बोल्ट फिरवला की नुकतंच धरलेलं सील तुटतं. कप्प्याचं तोंड बांगडीपेक्षा थोडंच मोठं, त्यामुळे आत हात गेला तो लेकीचा. मी वर स्क्रूड्रायव्हर घट्ट धरून, ती आत पाना घेऊन. तिने त्या दिवसाबद्दल एक शब्द काढला नाही. मीच शेवटी म्हटलं, "सिलिकॉन मी लावलं होतं गं." "माहितेय," ती म्हणाली, "दहाचा पाना दे."

नंतर फुगे फुगवायच्या पंपाने कप्प्यात हलकेच हवा भरली (कॉम्प्रेसर लावू नका, कप्पा फाटेल) आणि सगळीकडे साबणाचं पाणी फासलं. क्लीट सगळी कोरडी ठणठणीत! बुडबुडे आले ते झाकणाच्या जुन्या रबरी कड्याशी, जिकडे आमच्यापैकी कुणी बघितलंही नव्हतं. ते बदललं, पुन्हा फासलं, पुन्हा बघितलं. एकही बुडबुडा नाही.

रविवारी पहाटे निघायचंय. "आई, तू येतेस आत?" लेकीने विचारलं. "सुकाणू मी धरते, तू पुढच्या शिडाचा दोर."

जागा दोघांचीच. बाबा या खेपेला काठावर.