आईंसाठी दोन ओळी मराठीत

घरात चार माणसं सिनेमा बघत बसली असतील आणि त्यातल्या एकाला ती भाषा येत नसेल, तर ते माणूस लगेच ओळखू येतं. सगळे हसतात, मग शेजारचं कुणीतरी त्याच्या कानाशी वाकून काहीतरी सांगतं, आणि मग ते एकटंच हसतं. तोवर पडद्यावर भलतंच काही सुरू झालेलं असतं.

आमच्या घरात ते माणूस म्हणजे माझ्या सासूबाई.

आम्ही चेन्नईच्या दक्षिण टोकाला, पूर्व तांबरममध्ये राहतो. ह्यांची नोकरी मेप्झमधल्या एका कंपनीत. अकरा वर्षांत मला बोलण्यापुरतं तमिळ जमायला लागलं आणि लेक तर शाळेत शिकून लिहा-वाचायलाही लागली. सासरे गेल्यावर वाईच्या घराला कुलूप लावून आईंना आम्ही इकडे आणलं. त्यांना हिंदी कळतं, इंग्रजी येत नाही आणि तमिळचा तर प्रश्नच नव्हता. त्यात अलीकडे ऐकायला कमी येतं. मराठी मात्र त्या अधाशासारखं वाचतात. वाईला वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचायच्या. तांबरमच्या पुड्यांवर सगळं तमिळ. आठवड्यातून एकदा तरी त्या म्हणायच्या, “मला वाईला सोडून या.” रक्तदाबाच्या गोळ्या चालू, दारावरची बेल ऐकू येत नाही, अशा अवस्थेत त्यांना तिथे एकटं ठेवायचं तरी कसं?

त्यांची खरी सोबत म्हणजे खालच्या मजल्यावरच्या मामी. दुपारी काम आटोपलं की मामी वर यायच्या. त्या तमिळमध्ये बोलायच्या, आई मराठीत, आणि मधे निवडायला मेथी. मामी आईंना “अक्का” म्हणतात. हा शब्द दोन्ही भाषांत आहे, तेवढीच सोय. एकदा दोघी “शिवाजी, शिवाजी” म्हणत बराच वेळ खुशीत बोलत होत्या. मी स्वयंपाकघरातून ऐकलं तेव्हा कळलं की आई महाराजांबद्दल बोलताहेत आणि मामी शिवाजी गणेशन यांच्याबद्दल. खरं तर दोघी फार लांब नव्हत्या. गणेशन यांनी अण्णादुरै यांच्या नाटकात शिवाजी महाराजांची भूमिका केली, ती पाहून पेरियार यांनी त्यांना ‘शिवाजी’ म्हटलं आणि तेच नाव जन्मभर राहिलं. हे मी सांगितल्यावर आईंनी मामींना आणखी एक लाडू दिला.

मामींच्या मनात होतं की अक्कांनी ‘वीडु’ बघावा. वीडु म्हणजे घर. बालू महेंद्र यांचा हा १९८८चा सिनेमा. सुधा नावाची नोकरी करणारी मुलगी, तिची धाकटी बहीण आणि म्हातारे आजोबा. भाड्याचं घर सोडायची वेळ येते, म्हणून सुधा स्वतःचं छोटं घर बांधायला घेते. कर्ज, ठेकेदार, सिमेंटची चोरी, सगळं त्यात येतं. गाणं एकही नाही. सुधाचं काम करणाऱ्या अर्चना यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि चित्रपटालाही उत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मामींकडे त्याची जुनी डीव्हीडी होती आणि आमच्याकडे डीव्हीडी चालणारा जुना कॉम्प्युटर.

पहिल्या दिवशी मी आईंच्या शेजारी बसून प्रत्येक वाक्य मराठीत सांगू लागले. अर्ध्या तासाने त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. “राहू दे गं, तू बघ निवांत. मला चित्रं कळतात.”

आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास होतोय हे ज्याला कळतं, तोच असं बोलतो. पूर्वी रविवारी दुपारी दूरदर्शनवर प्रादेशिक भाषांमधले सिनेमे लागायचे आणि खाली इंग्रजी ओळी यायच्या. ते बघताना सासरे इंग्रजी वाचून आईंना मराठीत सांगायचे. म्हणजे आईंनी आयुष्यभर बंगाली, मल्याळम सिनेमे दुसऱ्याच्या तोंडूनच ऐकले होते. सांगणारं माणूस गेल्यावर त्यांनी मागणंच सोडून दिलं होतं.

लेक म्हणाली, “आई, आपण आजीसाठी मराठी सबटायटल लिहूया ना.”

दूरदर्शनवरच्या त्या ओळी चित्रातच छापलेल्या असायच्या. त्या काढता येत नसत, बदलता येत नसत. कॉम्प्युटरवर मात्र सबटायटलची फाइल सिनेमापासून वेगळी ठेवता येते. ती म्हणजे साधा मजकूर असतो, वाण्याच्या यादीइतका साधा. नोटपॅड उघडायचं. पहिल्या ओळीत क्रमांक. दुसऱ्या ओळीत वाक्य कधी दिसायचं आणि कधी जायचं ती वेळ : तास, मिनिटं, सेकंद यांच्यामध्ये विसर्गासारखी दोन टिंबं, मग स्वल्पविराम देऊन सेकंदाचा हजारावा भाग. दोन वेळांच्या मधे दोन आडव्या रेघा आणि पुढे टोक, असा बाण. तिसऱ्या ओळीपासून संवाद. मग एक ओळ मोकळी सोडायची आणि पुढचा क्रमांक. वेळेचे आकडे तेवढे इंग्रजी अंकांत लिहायचे, बाकी सगळं बिनधास्त मराठीत.

फाइल साठवताना दोन गोष्टी सांभाळायच्या. नावाच्या शेवटी टिंब देऊन एसआरटी ही तीन इंग्रजी अक्षरं, आणि एन्कोडिंगच्या जागी यूटीएफ-८ निवडायचं. ते नसेल तर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा विचित्र खुणा दिसतात. सिनेमा आम्ही व्हीएलसी प्लेअरवर लावतो. १९९६मध्ये पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या कामातून तो निघाला आणि आजही फुकट मिळतो. त्यात सबटायटल या मेनूमध्ये फाइल जोडायचा पर्याय असतो. सिनेमा डीव्हीडीवर नसून कॉम्प्युटरवरच फाइल म्हणून असेल, तर आणखी सोपं. दोन्ही फाइलींना एकच नाव देऊन एकाच फोल्डरमध्ये ठेवायच्या. प्लेअर आपोआप जोडून घेतो. अक्षरांऐवजी चौकटी दिसल्या तर सेटिंगमध्ये जाऊन विंडोजचा निर्मला यूआय हा फॉन्ट निवडायचा. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर अक्षर चांगलं मोठं करायचं.

तयार फाइल कुठून मिळवली तर बहुतेक वेळा तक्रार एकच असते, ओळी पुढे-मागे येतात. विंडोजवरच्या व्हीएलसीमध्ये त्यासाठी दोन कळा आहेत. ओळ उशिरा येत असेल तर जी, फार लवकर येत असेल तर एच. एकदा दाबलं की सेकंदाचा विसावा भाग सरकतो. पण सुरुवातीला बरोबर असलेल्या ओळी हळूहळू मागे पडत गेल्या, तर ह्या कळांनी भागत नाही. त्या वेळी फाइल सिनेमाच्या वेगळ्या प्रतीसाठी बनवलेली असते. सेकंदाला २४ चित्रांचा सिनेमा २५च्या वेगाने चालवला तर शंभर मिनिटांचा सिनेमा शहाण्णव मिनिटांत संपतो. अशा वेळी आपल्या प्रतीची फाइल शोधणंच बरं.

आम्हाला शोधायचं नव्हतं, लिहायचंच होतं. रोज रात्री जेवणं झाली की लेक कॉम्प्युटरपाशी, मी शेजारी, आणि अडलं की जिना उतरून मामींकडे. सिनेमा थांबवायचा, वेळ टिपायची, वाक्य लिहायचं. दोन ओळींपेक्षा जास्त नको, कारण वाचता वाचता चेहरे बघायचे राहून जातात. एक ओळ निदान एक सेकंद तरी दिसली पाहिजे आणि सहा-सात सेकंदांच्या वर रेंगाळता कामा नये. म्हणून संवादातला पाल्हाळ काढून नेमकं तेवढंच लिहायचं.

ह्या कामात एक गंमत हाती लागली. तमिळमध्ये ‘नी’ आणि ‘नींग’ असे दोन शब्द आहेत, आपल्या तू आणि तुम्हीसारखे. इंग्रजीत दोन्हींचं एकच होतं. त्याहून मजा ‘नम्म’ आणि ‘एंग’ यांची. ‘एंग वीडु’ म्हणजे आमचं घर, ऐकणारा त्यात नाही. ‘नम्म वीडु’ म्हणजे आपलं घर, ऐकणाऱ्यालाही त्यात घेतलेलं. हा भेद इंग्रजीत नाही, हिंदीतल्या ‘हमारा’तही नाही. मराठीत आणि तमिळमध्ये आहे. घराचाच सिनेमा, त्यामुळे प्रत्येक वेळी थांबून बघावं लागे की हे बोलणारं माणूस आमचं म्हणतंय की आपलं. लेक म्हणाली, “आई, इंग्रजीपेक्षा मराठीत हे किती सोपं जातंय!” मला फार बरं वाटलं.

तीन आठवडे लागले. एका रविवारी दुपारी आम्ही ‘वीडु’ पुन्हा लावला. मामी आणि आई सोफ्यावर, आम्ही खाली. मी एक शब्द बोलले नाही. पहिली काही मिनिटं आई सवयीने माझ्याकडे वळत होत्या. मग वळेनाशा झाल्या. ठेकेदाराची लबाडी उघडी करणारी मजूर बाई मंगम्मा पडद्यावर बोलायला लागली तेव्हा आई मोठ्यांदा म्हणाल्या, “अस्सं! बरं झालं!” आणि त्याच क्षणी मामी तमिळमध्ये तेच काहीतरी म्हणाल्या. दोघींनी एकमेकींकडे बघून मान हलवली.

पुढे आजोबा अर्धवट बांधलेलं घर बघायला एकटेच जातात, भिंतींना हात लावून बघतात. संवाद जवळजवळ नाहीच, आम्हाला लिहायला काही नव्हतं. मी मागे वळून पाहिलं. दोघींचे पदर एकदमच डोळ्यांना लागले होते.

सिनेमा संपल्यावर आई उठल्याच नाहीत. वाईचं घर बांधलं तेव्हाचं सांगू लागल्या. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. सासरे रजा टाकून तहसील कचेरीत खेपा घालायचे. बांधकामाला पाणी मारायला माणूस नव्हता म्हणून संध्याकाळी आई स्वतः कळशीने भिंतींवर पाणी मारायच्या, पाठीशी लहान मूल बांधून. ते मूल म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी हे कधी ऐकलं नव्हतं. मी ते भराभर मामींना तमिळमध्ये सांगत होते आणि मामी एका वाक्याने मागून “अय्यो” म्हणत होत्या. आता उशिरा कळणारं माणूस त्या होत्या. आईंच्या ते लक्षात आलं.

त्या लेकीला म्हणाल्या, “काय गं, हिला वाचता येईल असं माझ्या बोलण्याखाली लिहिता येईल का?”

लेकीने फोनवर आजीचं बोलणं रेकॉर्ड केलं. अकरा मिनिटांचं. त्याखाली तमिळ ओळी तिने स्वतः लिहिल्या, मामींनी शुद्धलेखन तपासलं. ते बघून झाल्यावर मामी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, वाईचं घर मला बघायचंय. मे महिन्यात जायचं ठरलंय, घर उघडून झाडून घ्यायला. मामींचं तिकीटही काढलंय. “मला वाईला सोडून या” हे आई अजून म्हणतात, पण आता पुढे “महिनाभर” असं जोडतात.

सबटायटल म्हणजे परदेशी सिनेमे बघणाऱ्यांची चैन, असं अनेकांना वाटतं. तसं ते नाही. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी १९९६पासून मांडलं की गाण्यांखाली त्याच भाषेतले शब्द दाखवले तर जेमतेम वाचणाऱ्यांचंही वाचन सुधारतं, आणि पुढे दूरदर्शनच्या ‘चित्रहार’मध्ये ते केलंही गेलं. ऐकू न येणाऱ्यांना सिनेमागृहात ओळी दिसाव्यात म्हणून केंद्र सरकारने २०२४मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. आईंना आता मराठी मालिकासुद्धा खाली मराठी ओळी असतील तर हव्या असतात. ऐकू येत नाही हे त्यांना कुणाला सांगावं लागत नाही.

तुमच्याही घरी असं कुणी असेल. बेंगळुरूतल्या मुलाकडे राहायला गेलेले आजोबा असतील, परदेशात वाढलेली आणि आजीचं मराठी अर्धंच कळणारी नातवंडं असतील. अख्ख्या सिनेमापासून सुरुवात करू नका. घरातला एखादा पाच मिनिटांचा व्हिडिओ घ्या, बारशाचा, नाहीतर आजीने पुरणपोळी शिकवतानाचा. चाळीस-पन्नास ओळी होतील, एक संध्याकाळ जाईल. अक्षर मोठं ठेवा. आणि लावल्यावर पडद्याकडे बघू नका, ज्याच्यासाठी लिहिलंय त्याच्या चेहऱ्याकडे बघा. सगळ्यांच्या बरोबरीने हसलं, की ओळी वेळेवर पडल्या असं समजा.