गाजराचं दुसरं वर्ष

गेली वीस वर्षं मी कॉलेजात मराठी शिकवतो. 'गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली' ही म्हण मी किती वर्गांना समजावून सांगितली असेल कोण जाणे! पण मागच्या हिवाळ्यात आमच्या धाकट्यानं विचारलं, "बाबा, वांग्यात बी असतं, टमाट्यात असतं. मग गाजराचं बी कुठं असतं?" आणि माझी पुंगी काही वाजेना.

"शेंडा पुरला की नवं गाजर येतं," मी ठोकून दिलं.

वडिलांनी, म्हणजे नानांनी, वर्तमानपत्रावरून माझ्याकडे पाहिलं. "पाला येईल. गाजर नाही यायचं."

पुढच्या बुधवारी सक्करदऱ्याच्या बाजारातून नानांनी पाल्यासकट एक लाल देशी गाजर आणलं अन् गच्चीवरच्या कुंडीत पुरलं. मग नातवाची शिकवणी सुरू झाली. गाजराचा संसार दोन हंगामांचा. पहिल्या हंगामात पानं उन्हात साखर तयार करतात आणि मूळ ती साठवतं. आपण तिला भाजी म्हणतो. गाजराच्या लेखी ती पुढच्या फुलांची शिल्लक असते. थंडी खाल्ली, की मग त्याला फुलोऱ्याचा दांडा फुटतो. विलायती नारिंगी गाजराला फार दिवस थंडी लागते, म्हणून त्याचं बी थंड डोंगराळ मुलखात धरतात. देशी गाजराला आपल्या नागपूरचा पौष-माघ पुरतो. पण आपण गाजर उपटतो पहिल्याच हंगामात. फूल दिसणार कुठून?

होळीच्या सुमारास कुंडीत कमरेएवढा दांडा उभा राहिला आणि त्यावर पांढऱ्या फुलांच्या छत्र्या उघडल्या. "अगं बाई, हा तर सांबार फुलला!" सौभाग्यवती म्हणाल्या. सांबार म्हणजे आम्हा नागपूरकरांची कोथिंबीर. त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. कोथिंबीर, शेपू, जिरं, ओवा ही सारी गाजराची भावकीच!

उन्हाळ्यात छत्र्या वाळून मिटल्या. तळहातावर चोळल्यावर काटेरी, बारीक बी निघालं. मग नानांनी मूळ उपटलं. लाकडासारखं टणक, आतून पोकळ. गोडीचा मागमूस नाही.

"आजोबा, गाजर वाया गेलं!" धाकटा हळहळला.

त्याच दिवसांत थोरलीला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. फी आणि वसतिगृह यांचा आकडा पाहून नाना बँकेतली मुदतठेव मोडायला निघाले होते आणि मी आठ दिवस एकच पालुपद धरून बसलो होतो : "नाना, ती तुमची म्हातारपणाची पुंजी आहे. तिला हात लावायचा नाही."

"वाया कसं?" नाना नातवाला म्हणाले, पण पाहत होते माझ्याकडे. "एवढ्यासाठीच तर साठवलं होतं त्यानं."

एरवी तास-तासभर बोलणारा मी गप्प बसलो. ते पोकळ मूळ माझ्या हातात होतं. ते पाहून समाधान मानावं की घाबरावं, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. अखेर तडजोड झाली : निम्मी ठेव नानांची, निम्मं कर्ज माझं.

दसऱ्यानंतर धाकट्यानं ते बी पेरलं. आता कुंडीत शेपूसारखी नाजूक पालवी आली आहे. थोरली दिवाळीला घरी येतेय. गाजरं तयार झाली की हलवा होईलच, पण नानांनी आतापासून बजावून ठेवलं आहे, "त्यातलं एक उपटायचं नाही."