हाताचें वळण

आमच्या शहराचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. कागदोपत्रीं आम्ही तें बिनचूक लिहितों. पण पुण्याच्या बस-स्थानकावर उभे राहिलों कीं तोंडून निघतें तें ‘नगर’च. जिभेला एकदां वळण पडलें म्हणजे तें एका दिवसांत मोडत नाहीं. हाताचेंही तसेंच असतें, हें मला साठी उलटल्यावर गेल्या महिन्यांत कळलें.

निमित्त झालें एका फोनचें. पुण्यास असलेल्या माझ्या पुतण्यानें नवा आयफोन घेतला आणि वापरांतला जुना मला आणून दिला. “काका, तुमचा अँड्रॉइड आतां थकला. हा घ्या,” असें म्हणून तो दुसऱ्या दिवशीं परतलाही. घरांत माझें कौतुक झालें. सूनबाईनें तर फोनला हळदकुंकूही वाहिलें!

पुढचे आठ दिवस कसे गेले तें माझें मलाच ठाऊक. जुन्या फोनवर मागें जावयाचें तर खालीं एक खूण असे. तिच्यावर आंगठा टेकला कीं काम होई. नव्यावर ती खूणच नाहीं. पडद्याच्या डाव्या कडेवरून बोट आंत सरकवावें लागतें. मी सवयीनें खालींच आंगठा आपटीत बसें. मराठी अक्षरांची मांडणीही निराळी. ज्या जिल्ह्यांतल्या नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या जिल्ह्यांत जन्म काढलेल्या माणसाला ‘ज्ञ’ सांपडूं नये, याची लाज वाटे! चार्जिंगच्या तारेचें तोंड वेगळें. २०२३ च्या सप्टेंबरपासून निघालेल्या आयफोनांना सी-प्रकारची तार चालते, पण आमचा त्यापूर्वींचा. एक सुख मात्र झालें : सात माणसांच्या घरांत माझी तार कोणी पळवीत नाहीं.

इतकें सारें हंसण्यावारी नेतां येईल. एक गोष्ट मात्र तशी नव्हती.

माझे थोरले बंधु, म्हणजे या पुतण्याचे वडील, गेल्या श्रावणांत निवर्तले. अखेरचीं दोन वर्षें ते उपचारांसाठीं पुण्यास होते. हात थरथरत असल्यामुळें त्यांना लिहितां येत नसे, म्हणून रोज सकाळीं व्हॉट्सॲपवर आवाजाचा निरोप धाडीत : “उठलास कां रे? औषध घेतलेंस कां?” एके संध्याकाळीं तो आवाज ऐकावा असें वाटलें, आणि पाहतों तों नव्या फोनवर त्यांतलें कांहींच नाहीं!

पुतण्यास फोन केला तेव्हां उलगडा झाला. जुन्या फोनवरील व्हॉट्सॲपची नक्कल गूगलच्या कोठारांत राहते, नव्याची ॲपलच्या. एकाची किल्ली दुसऱ्यास लागत नाहीं. निरोप एकीकडून दुसरीकडे नेण्याची सोय २०२२ सालीं झाली. परंतु नवा फोन कोरा असतांना, आरंभींच, ती पायरी घ्यावी लागते. उत्साहाच्या भरांत मीं ती ओलांडली होती. दोष यंत्राचा नव्हता. घाई माझी होती.

“जुना फोन शाबूत आहे ना, काका?” त्याचा आवाज कापत होता. मी धांवत बाहेर आलों. नातू तो मोडींत देण्यासाठीं कापडबाजाराकडे निघाला होता. दिंडीदरवाजांत त्याला गांठलें.

रविवारीं पुतण्या आला. आठ दिवसांचीं छायाचित्रें अगोदर दुसरीकडे काढून ठेवलीं आणि नवा फोन पुसून कोरा केला. दोन्ही फोन आपापल्या तारांना लावून घरच्या एकाच वायफायवर जोडले आणि देवघराबाहेरच्या चौरंगावर शेजारीं शेजारीं ठेवले. तिन्हीसांजेला दादांचा आवाज आला : “उठलास कां रे?” वहिनी स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. पुतण्यानें मात्र तोच निरोप पुन्हां लावला.

त्या रात्रीं मला माळ्यावरच्या रुमालांची आठवण झाली. त्यांत आजोबांच्या हातचे मोडी कागद आहेत. १९५० च्या सुमारास मोडी सरकारी व्यवहारांतून मागें पडली. आमच्या घरांत ती वाचतां येणारे शेवटचे दादाच. ते असतांना आम्हांपैकीं एकही जण लेखणी घेऊन त्यांच्यापाशीं बसला नाहीं. आज ते कागद आमच्या घरांत आहेत, पण आमच्याशीं बोलत नाहींत. दादांचा आवाज परत आणण्यास एक रविवार पुरला. याला किती लागतील कोण जाणे! राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग भरवितो. पुढच्या वर्गास मी आणि सूनबाई दोघेंही नांव घालणार आहों.

माझा आंगठा आतां आपोआप डाव्या कडेकडे जातो. हाताचें वळण बदलतें. त्याची धास्ती घेण्याचें कारण नाहीं. ज्या वाचकांच्या घरीं असा फोनबदल व्हावयाचा असेल, त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे, कीं जुना फोन मोडींत देण्याची घाई करूं नये, आणि निघण्यापूर्वीं मागें कोणाचा आवाज राहिला आहे तें एकदां पाहून घ्यावें.