प्रायमर कुठे बसवायचा

एनजीएफ हे चेतापेशींना जगवणारं प्रथिन. उंदरात त्याचं तयार रूप जेमतेम 118 अमिनो आम्लांचं असतं आणि त्याची सगळी माहिती जनुकाच्या शेवटच्या एक्झॉनमध्ये असते. स्प्लायसिंगची काटछाट होते ती त्याआधीच्या भागात. आमच्या अंधेरीच्या प्रयोगशाळेत नवीन आलेली मुलं पीसीआरचे दोन्ही प्रायमर हमखास शेवटच्या एक्झॉनमध्ये बसवतात. जेलवर बँड सुरेख येतो. पण ऊतकात एनजीएफचा आरएनए आहे, एवढंच तो सांगतो. कोणता आरएनए, ते नाही. त्यासाठी एका जोडीतला एक प्रायमर गळू शकणाऱ्या एक्झॉनच्या आत हवा आणि दुसऱ्या जोडीतला, तो एक्झॉन गळल्यावर जिथे सांधा जुळतो, नेमका त्या सांध्यावर.

1986 मध्ये एडवर्ड्स, सेल्बी आणि रटर यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की उंदरात एनजीएफचे दोन मुख्य आरएनए असतात. एक एक्झॉन राहतो किंवा गळतो, त्यानुसार पूर्वप्रथिनाचं डोकं लांब किंवा आखूड होतं. जबड्याखालच्या लाळग्रंथीत या दोघांचं प्रमाण इतर ऊतकांहून वेगळं असतं. (एनजीएफसारख्या वाढघटकांच्या शोधासाठी रीटा लेवी-मोंटालचिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना नोबेल मिळालं तेही त्याच वर्षी.)

डोकं शेवटी कापलंच जातं, मग एवढा खटाटोप कशाला, असं मुलं विचारतात. मला हा प्रश्न फार आवडतो. 2001 मध्ये दिसलं की न कापलेलं एनजीएफ पी75 या ग्राहीला घट्ट चिकटून पेशीला मरणाकडे नेऊ शकतं. कापलेलं मात्र ट्रकए ग्राहीमार्फत तिला जगवतं. त्यामुळे पुढच्या भागाला टाकाऊ म्हणायला मी तयार नाही.

अर्थात आधी आरएनए शाबूत हवा. माणसाच्या त्वचेवरच त्याला खाणारी विकरं असतात. मे महिन्यात घाटकोपरहून मेट्रोने आलेल्या मुलांचे हात घामेजलेले असतात, म्हणून हात धुऊन, पुसून, मगच हातमोजे. आणि दाराच्या कडीला हात लागला की ते बदलायचे. ट्रायझॉलने आरएनए काढल्यावर जेलवर 28एस आणि 18एस हे दोन बँड ठळक दिसले, वरचा साधारण दुप्पट गडद असला, तरच मी पुढे जाऊ देते.

एनजीएफ हाताला बसलं की त्याच कुळातलं बीडीएनएफ. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये विदिता वैद्य यांनी मेंदूतल्या याच घटकावर बरंच काम केलं आहे. उंदराच्या जातकुळीतल्या रॅटमध्ये त्याचे पुढचे आठ एक्झॉन आळीपाळीने एकाच प्रथिन-एक्झॉनला जोडले जातात. तिथे मुलांना मी प्रायमर मागवण्याआधी सगळे एक्झॉन कागदावर काढायला लावते.